देशोदेशीचा कॅथलिक धर्म: नोंद लिहिताना
(धुळे येथील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय वाचून काहींनी मनात म्हटलं असेल, की हे कुठलं खूळ? धुळ्याला उभं राहून ब्राझीलच्या, पोलंडच्या, श्रीलंकेच्या कॅथलिकांविषयी काय बोलायचं? खान्देशात कापूस, केळी आणि तापीचं पाणी सोडून बोललं तर लोक उठून जातात, असं मला इथल्याच एका स्नेह्यांनी बजावलं होतं. तरीही विषय बदलला नाही. कोशांसाठी नोंदी लिहिणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. त्यात ‘अमुक देशातील कॅथलिक धर्म’ या साच्याच्या नोंदी वाट्याला आल्या. त्या लिहिताना पडलेल्या प्रश्नांची उत्तरं मला रोमच्या किंवा लिस्बनच्या ग्रंथांपेक्षा खान्देशाने जास्त चांगली दिली.

धुळ्यात हा विषय मांडायला आणखी दोन कारणं आहेत. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी याच गावी गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. आधी साधनं गोळा करा आणि मग तोंड उघडा, हा त्यांचा धडा. दुसरं कारण साक्री तालुक्यातलं. मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी 1901 साली पिंपळनेरला जन्मले. वेदशास्त्रांत मुरलेल्या या पंडिताने जगातल्या सगळ्या धर्मांना, ख्रिस्ती धर्मालाही, मराठी कोशात सारख्याच अदबीने जागा करून दिली. तेव्हा परक्या धर्माची नोंद कशी लिहावी हा प्रश्न इथे परका नाही.

नोंद कोण लिहितो?

मराठीत हे काम डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी सुरू केलं. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे 23 खंड त्यांनी 1920 पासून सात-आठ वर्षांत काढले. पहिल्याच प्रस्तावनाखंडाचं नाव होतं ‘हिंदुस्थान आणि जग’. मराठी माणसाने जगाकडे स्वतःच्या ओट्यावरून पाहावं, इंग्रजी कोशाची नक्कल करत बसू नये, ही त्यांची जिद्द. पुढे विश्वकोशाने तीच वाट सरकारी आश्रयाने आणि अधिक शिस्तीने चालवली. दोन्ही ठिकाणी ख्रिस्ती धर्मावर लिहायचं ते मुख्यतः त्या धर्माबाहेरच्या वाचकासाठी.

याच्या उलट टोकाला न्यूयॉर्कहून 1907 ते 1914 या काळात निघालेला ‘कॅथलिक एन्सायक्लोपीडिया’. तो कॅथलिकांनी कॅथलिकांसाठी काढला. त्यातली मुंबई धर्मप्रांतावरची नोंद मुंबईतूनच लिहून गेली होती. लेखक होते अर्नेस्ट हल, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे इंग्रज पाद्री. मुंबईच्या ‘एक्झामिनर’ या कॅथलिक साप्ताहिकाचे ते संपादक होते. त्यांच्यापुढे मोठा विषय होता तो अधिकाराच्या भांडणाचा. पूर्वेकडचे बिशप नेमण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजाचा, की 1622 साली रोमने स्थापन केलेल्या प्रचारखात्याचा? या तंट्यापायी एकोणिसाव्या शतकात मुंबईत एकाच शहरावर दोन धर्माधिकाऱ्यांचा अंमल होता. शेजारशेजारची दोन देवळं वेगवेगळ्या बिशपांची. हा घोळ 1928 च्या करारानेच मिटला.

बाहेरच्या वाचकाला हा तंटा क्षुल्लक वाटतो. आतल्याला तो जिवाभावाचा. बाहेरच्याला पडतात ते प्रश्न वेगळेच: हे लोक कोण, आले कुठून, किती आहेत, आमच्यासारखेच आहेत का? दोघांनाही उपयोगी पडेल अशी नोंद लिहायची असेल तर काय करावं? मी एका मताला येऊन पोचलो आहे आणि आजचं व्याख्यान म्हणजे त्या मताची फोड. कुठल्याही देशातल्या कॅथलिक धर्माचे तीन हिशेब असतात. एक चर्चचा, एक सरकारचा आणि एक खुद्द माणसांचा. हे तिन्ही कधीच जुळत नाहीत. कच्चा नोंदलेखक त्यातला एक उचलतो आणि बाकीचे झाकतो. ते का जुळत नाहीत हे सांगितलं, की नोंद आपोआप लिहून होते.

चर्चचा हिशेब

चर्चच्या वहीत देश नावाचं पान दुय्यम आहे. तिथे मूळ एकक धर्मप्रांत, म्हणजे बिशपचा मुलूख. महसुली नकाशावर आपण जळगाव, धुळे, नंदुरबार अशी नावं घेतो. लॅटिन विधीच्या कॅथलिक नकाशावर हे तिन्ही जिल्हे नाशिक आणि अहिल्यानगरसह एकाच धर्मप्रांतात येतात. 1987 साली पुणे धर्मप्रांतातून तो वेगळा निघाला. त्याचे पहिले बिशप थॉमस भालेराव हे जेझुइट. खान्देश हे नाव या नकाशात कुठेच नाही.

बरं, एवढ्यावर भागत नाही. 1988 साली कल्याणला सिरो-मलबार विधीचा धर्मप्रांत स्थापन झाला आणि त्याचा अंमल याच मुलखावर पसरला. भारतात रोमशी जोडलेली तीन चर्चेस आहेत: लॅटिन, सिरो-मलबार आणि सिरो-मलंकार. तिघांचे विधी वेगळे आणि बिशपही वेगळे. जळगावच्या दवाखान्यात काम करणारी केरळची परिचारिका आणि भुसावळला वाढलेला गोवेकर गार्ड एकाच चर्चमध्ये शेजारी बसतील, पण चर्चच्या कायद्याने दोघांचे धर्मगुरू-वरिष्ठ निराळे. ‘भारतातील कॅथलिक धर्म’ ही नोंद लिहिताना पहिल्या परिच्छेदात ही तीन नावं आली नाहीत, तर ती नोंद केरळात कोणी मान्य करणार नाही.

चर्चचा हिशेब सुरू होतो बाप्तिस्म्याच्या नोंदवहीपासून. अशी वही एकदा नीट पाहावी. आडवी, जाड पुठ्ठ्याची. एका ओळीत एक माणूस. बाप्तिस्म्याची तारीख, जन्माची तारीख, नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, जुन्या वह्यांत बापाचा धंदा, मग धर्मपिता आणि धर्ममाता, शेवटी पाद्रींची सही. भुसावळसारख्या गावी धंद्याच्या रकान्यात काय असणार हे वेगळं सांगायला नको: ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, फिटर. 1860 च्या दशकात जीआयपी रेल्वे तिथे पोचली, इंजिनांचे शेड उभे राहिले आणि रेल्वेबरोबर गोव्याचे, अँग्लो-इंडियन, मंगळूरचे लोक आले. खान्देशात कॅथलिक माणूस जो आला तो बहुतांशी रुळांवरून आला.

पण या वहीतला सगळ्यांत बोलका रकाना असतो तो शेवटचा, शेऱ्याचा. बाप्तिस्मा झालेल्या माणसाचं पुढे कुठेही लग्न झालं, की तिथल्या पाद्रींनी मूळ गावी कळवायचं आणि मूळ वहीत त्याच ओळीपुढे ते टिपायचं. 1907 साली निघालेल्या ‘ने तेमेरे’ या रोमच्या फर्मानाने हे सक्तीचं केलं आणि आजच्या चर्च-कायद्यातही ते आहे. समजा, भुसावळला बाप्तिस्मा झालेल्या फायरमनच्या मुलाने पुढे वांद्र्याला लग्न केलं, तर वांद्र्याची बातमी भुसावळच्या ओळीत येऊन बसते. माणूस बदलीवर जातो, देश सोडतो, पण त्याची ओळ गाव सोडत नाही. गावातल्या लोकांची शिरगणती या वहीतून निघत नाही. ती वही आयुष्यांची आहे, आणि एकदा लिहिलेलं नाव तीतून खोडलं जात नाही. माणूस चर्चला यायचा थांबला, तरी त्याची ओळ कायम.

व्हॅटिकनची वार्षिकं देशवार आकडे देतात, ते धर्मप्रांतांनी कळवलेल्या बाप्तिस्मा झालेल्यांच्या संख्येवरून. भारताचा आकडा 2 कोटींच्या वर जातो. कोशात तो आकडा लिहायला हरकत नाही. मात्र ‘बाप्तिस्मा झालेले’ हे दोन शब्द त्याच्या शेजारी हवेतच.

सरकारचा हिशेब

आता दुसरी वही. 2011 च्या जनगणनेत भारतात 2 कोटी 78 लाख ख्रिस्ती नोंदले गेले, म्हणजे 2.3 टक्के. महाराष्ट्रात सुमारे 10 लाख 80 हजार, एक टक्क्याहून किंचित कमी. त्यात कॅथलिक किती? जनगणना सांगत नाही. इंग्रज अमदानीत ख्रिस्ती लोकांची पंथवार विभागणी होत असे. आज ‘ख्रिस्ती’ हा एकच आकडा प्रसिद्ध होतो.

खान्देशात हा एकच आकडा फार फसवा ठरतो. नवापूर, चिंचपाडा, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून काम केलं ते स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने. जळगाव-भुसावळ-चाळीसगाव भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने. दोन्ही प्रॉटेस्टंट. त्यामुळे नवापूरच्या मावची किंवा गावीत घरातला ख्रिस्ती माणूस आणि भुसावळचा डिसोझा हे जनगणनेत एकाच ओळीत असले, तरी एकाला पोप मान्य, दुसऱ्याला नाही. एकाच्या देवळात मरियेची मूर्ती, दुसऱ्याच्या देवळात मूर्तीच नाही. जनगणनेतली ओळ पाहून ‘खान्देशातील कॅथलिक’ असं लिहिणाऱ्याचा पाय पहिल्याच वाक्यात घसरतो.

मराठी वाचकाचीही इथे एक अडचण आहे. ख्रिस्ती म्हटलं की त्याला आठवतात बाबा पदमनजी, रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई. 1842 साली निघालेलं ‘ज्ञानोदय’ आठवतं. ही सगळी परंपरा प्रॉटेस्टंट. कॅथलिक मराठी परंपरा त्याहून जुनी. फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली राचोलला छापलं गेलं. वसईचं ‘सुवार्ता’ मासिक 1955 पासूनचं, आणि त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पण देशावरच्या शाळेत ही नावं उशिरा पोचली. म्हणून नोंदलेखकाने कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांतला फरक वाचकाला ठाऊक आहे असं धरून चालू नये. तो दोन ओळींत सांगावा आणि पुढे जावं.

सरकारी आकड्याला कायद्याचाही पीळ असतो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; पुढे 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. अनुसूचित जमातीला मात्र धर्माची अट नाही. याचा अर्थ काय होतो ते नाशिक धर्मप्रांतातच पाहा. नवापूरच्या भिल्ल किंवा मावची माणसाला जनगणनेत ‘ख्रिस्ती’ सांगून सवलत गमवावी लागत नाही. अहिल्यानगरकडच्या दलित कुटुंबाला ती गमवावी लागू शकते. दोघांनी उत्तर द्यायचं त्याच प्रगणकाला, त्याच रकान्यात. पण एकाचं उत्तर सरळ आणि दुसऱ्याच्या उत्तरामागे पोराच्या शिष्यवृत्तीची धास्ती. कोशाने यात बाजू घेऊ नये. पण कायदा काय आहे आणि त्याने आकड्यावर कोणता दाब येतो, हे सांगणं म्हणजे बाजू घेणं नव्हे.

जगात दुसरीकडेही हेच चित्र दिसतं. ब्राझील घ्या. चर्चच्या हिशेबात तिथे 18 कोटींच्या वर कॅथलिक. जगातला सर्वांत मोठा कॅथलिक देश. त्याच देशाच्या 2022 च्या जनगणनेत दहा वर्षांवरील लोकांपैकी 56.7 टक्के, म्हणजे 10 कोटींच्या आसपास, स्वतःला कॅथलिक म्हणतात. 2010 साली हाच आकडा 65.1 टक्के होता. दहा वर्षांखालची मुलं सोडली तरी मधली दरी भरत नाही. ती दरी म्हणजेच ब्राझीलच्या गेल्या अर्धशतकाचा धार्मिक इतिहास. बाप्तिस्मा लहानपणी कॅथलिक चर्चमध्ये झाला आणि मोठेपणी माणूस गल्लीतल्या पेंटेकोस्टल प्रार्थनागृहात जाऊ लागला.

जर्मनीत उलट. तिथे सरकार चर्चसाठी कर वसूल करतं, म्हणून कॅथलिक असणं ही सरकारदरबारी नोंद असते आणि चर्च सोडायचं तर रीतसर अर्ज करावा लागतो. 2022 या एका वर्षात 5 लाख 22 हजारांहून अधिक लोकांनी तो केला. त्यामुळे जर्मनीतला ‘कॅथलिक’ म्हणजे कर भरणारा कॅथलिक आणि ब्राझीलमधला म्हणजे स्वतःला तसं म्हणवणारा. हे दोन आकडे एका तक्त्यात शेजारी ठेवले, तर वाचकाला वाटतं आपण एकाच मालाचे दोन भाव पाहतोय. कोशांतले असे तक्ते पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो.

माणसांचा हिशेब

तिसरा हिशेब कोणत्याच वहीत पुरता नसतो. पोलंडमध्ये त्याचा एक प्रयत्न होतो. तिथली चर्चची संख्याशास्त्र संस्था वर्षातला एक रविवार ठरवून देशभरच्या चर्चमध्ये प्रत्यक्ष मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, किती जण आले ते मोजते. बाप्तिस्मा झालेले किती आणि रविवारी दारात आलेले किती, हे दोन्ही तिथे कळतं. नोंदलेखकाला अशी शिदोरी मिळाली म्हणजे तो निम्मी लढाई जिंकतो.

पण आपल्याकडे प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत कधी गेला असाल तर आठवा. स्टेशनपासून माणसांचा लोंढा लागलेला, मेणबत्त्या आणि फुलं विकणारे, नवस फेडायला आलेली कुटुंबं. त्या लोंढ्यात ख्रिस्ती कोण आणि हिंदू कोण, हे कपाळावरूनही ओळखता येत नाही, कारण कुंकू लावलेली बाई मेणबत्ती पेटवून बाळाच्या नावाने पुटपुटत असते. वांद्र्याच्या माउंट मेरीला सप्टेंबरात हेच. तमिळनाडूतल्या वेलांकन्नीला तर भगवे कपडे घालून अनवाणी चालत जाण्याचा प्रघात आहे. खान्देश, नाशिककडून त्या यात्रेला जाणारी बाई चर्चच्या वहीत नाही आणि जनगणनेत ती हिंदू आहे. तरीही भारतातल्या कॅथलिक धर्माचं वर्णन तिच्याशिवाय अपुरं.

मोजता येत नाही म्हणून हे वगळायचं नाही. कोणती जागा, कोणता महिना, कोण येतं, काय करतं, एवढं नेमकं सांगितलं की पुरे. ‘सर्वधर्मसमभावाचं प्रतीक’ असली भरघोस वाक्यं मात्र टाळावीत. त्या बाईला कोणाचं प्रतीक व्हायचं नसतं. तिला मुलाचं दुखणं बरं व्हायला हवं असतं.

देशाचं कुंपण

आता नोंदीच्या मथळ्यातल्या ‘देश’ या कुंपणाकडे वळतो. कोशाला ते लागतंच, नाहीतर नोंदी लावायच्या कशा? पण कॅथलिक धर्माचा इतिहास हे कुंपण सारखं ओलांडतो आणि महाराष्ट्र त्याचा भक्कम पुरावा आहे.

1321 साली ठाण्यात तोलेंतीनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती, असे चार फ्रान्सिस्कन भिक्षू मारले गेले. पोर्तुगीज यायच्या पावणेदोनशे वर्षं आधीची ही गोष्ट. पोर्देनोनेचा ओदोरिक नावाचा प्रवासी भिक्षू पुढे ठाण्याला आला आणि त्यांच्या अस्थी घेऊन चीनच्या झैतून बंदरापर्यंत गेला. ही घटना ‘भारत’ या नोंदीत घालायची की ‘चीन’?

खान्देशाची स्वतःची गोष्ट आणखी रंजक. अकबराने असीरगडाला वेढा घातला, तेव्हा छावणीत फ्रान्सिस झेवियरच्या घराण्यातले जेरोम झेवियर हे जेझुइट होते आणि त्यांच्याबरोबर बेंतो द गोइश. किल्ल्यात फारुकी सुलतानाच्या चाकरीत पोर्तुगीजही होते. किल्ला पडल्यावर पाद्रींनी बादशहाकडे त्यांच्यासाठी रदबदली केली. म्हणजे इंजिनांच्या ड्रायव्हरांआधी अडीचशे वर्षं खान्देशाच्या सरहद्दीवर कॅथलिक होते. एक गट बादशहाच्या बाजूला आणि दुसरा किल्ल्याच्या आत. 1601 साली गोइश अकबराच्या वकिलातीबरोबर बुऱ्हाणपूरहून गोव्याला गेला आणि पुढे आग्ऱ्याहून निघून, अफगाणिस्तान आणि पामीर ओलांडून चीनच्या सीमेवर मरण पावला. जुन्या प्रवाशांनी वर्णिलेला कॅथे म्हणजेच चीन, हे युरोपला पटवून देण्यात त्याच्या प्रवासाचा मोठा वाटा. चीनमधल्या कॅथलिक धर्मावरच्या नोंदीत त्याचं नाव हमखास असतं. तिथे बुऱ्हाणपूर क्वचितच असतं.

वसईचा गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला क्रुसावर मारला गेला. 1862 साली तो संत जाहीर झाला. भारतात जन्मलेला पहिला संत, पण इतिहास जपानचा. गोव्याचे जोसेफ वाझ 1687 साली मजुराच्या वेषात डच अमलाखालच्या श्रीलंकेत शिरले आणि तिथली जवळपास विझलेली कॅथलिक परंपरा त्यांनी कँडीच्या बौद्ध राजाच्या आसऱ्याने पुन्हा उभी केली. 2015 साली कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केलं.

आणि एक जोडी मला फार आवडते. व्हॅलेरियन ग्रेशियस 1900 साली कराचीत जन्मले, मुंबईचे आर्चबिशप झाले आणि 1953 साली भारताचे पहिले कार्डिनल. जोसेफ कोर्देरो 1918 साली मुंबईत जन्मले, कराचीचे आर्चबिशप झाले आणि 1973 साली पाकिस्तानचे कार्डिनल. दोघेही मूळचे गोव्याकडचे. 1948 पर्यंत कराची मुंबईच्याच आर्चबिशपच्या अमलाखाली होती. फाळणीने एका घरात मधोमध भिंत घातली आणि भावंडं समोरासमोरच्या खोल्यांत राहिली. ‘पाकिस्तानातील कॅथलिक धर्म’ ही नोंद मुंबईचं नाव न घेता लिहिणं शक्य आहे. पण त्या नोंदीला आईबाप नसतात.

यावर माझा साधा उपाय आहे. कुंपण ठेवावं आणि त्याला फाटकं लावावीत. प्रत्येक देशाच्या नोंदीत, तिथला कॅथलिक समाज कुठून आला आणि कुठे गेला, हा परिच्छेद सक्तीचा करावा. राजवाड्यांनी ‘महिकावतीची बखर’ 1924 साली छापली आणि उत्तर कोकणचा इतिहास लावला. एका मुलखाचा इतिहास लावल्याने नजर आखूड होते, हा समज त्यांनी कधीच मोडीत काढला आहे.

पहिलं वाक्य

आता थोडं कारागिरीचं. नोंदीचं पहिलं वाक्य हे तिचं चारित्र्य असतं. एक नमुना घ्या: ‘भारतात कॅथलिक धर्म 1498 साली वास्को द गामाबरोबर आला.’ सोपं, आकर्षक आणि चूक. केरळातले मार थोमा ख्रिस्ती त्याआधी कित्येक शतकं तिथे होते, 1329 साली कोल्लमला पोपने बिशप नेमला होता आणि ठाण्याची गोष्ट आत्ताच सांगितली. दुसरा नमुना: ‘भारतातील कॅथलिक समाज तीन विधींच्या चर्चमध्ये विभागलेला असून केरळ, गोवा, मुंबई-वसई, तमिळनाडू आणि छोटानागपूर येथे त्याची मुख्य वस्ती आहे.’ हे वाक्य रुक्ष आहे, कबूल. पण कोट्टायमचा वाचक, रांचीचा वाचक आणि धुळ्याचा वाचक, तिघेही त्यावर बोट ठेवू शकणार नाहीत.

धर्मांतराच्या भागाला हात लागला की लेखणी कापते. तिथे कसोटी एकच ठेवावी: जे माप आपण आपल्या धर्माला लावतो तेच इथे. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, 1560 साली आलं आणि, मधला थोडा खंड सोडला, तर 1812 पर्यंत चाललं. ते नोंदीत असलंच पाहिजे, संस्थेचं नाव आणि काळ यांसह. 1599 च्या उदयंपेरूरच्या धर्मसभेत केरळच्या ख्रिस्ती लोकांवर लॅटिन रीत लादली गेली आणि 1653 साली त्यांनी कुनन कुरिशूची शपथ घेऊन बंड केलं, हेही असलं पाहिजे. म्हणजे जुलूम एका बाजूने फक्त हिंदूंवर झाला, हे सोयीचं चित्र आपोआप दुरुस्त होतं. आणि शाळा-दवाखाने लिहिताना ‘निःस्वार्थ सेवा’ आणि ‘छुपा हेतू’ हे दोन्ही शब्द बाहेर ठेवावेत. शाळा कधी निघाली, कोणी काढली, कोण शिकलं, एवढं पुरतं. वाचक खुळा नसतो.

तर्कतीर्थांच्या विश्वकोशाने मराठीला दिलेली ही शिस्त आहे. ज्याच्या धर्माविषयी लिहिलं त्याला नोंद वाचून ‘हो, हे आम्ही’ असं वाटलं पाहिजे आणि ज्याला त्या धर्माशी देणंघेणं नाही त्याला ‘आता कळलं’ असं.

खान्देशाकडून एक मागणं

शेवटी व्याख्यानमालेकडे एक मागणं ठेवतो. देशांच्या नोंदी बऱ्या-वाईट का होईना, लिहिल्या गेल्या आहेत. जिल्ह्याच्या नोंदी नाहीत. ‘खान्देशातील ख्रिस्ती समाज’ या विषयावर मराठीत एकच चांगली नोंद लिहायची, तर कच्चा माल इथेच आहे: 1880 चं खान्देश गॅझेटियर, जुन्या जनगणनांतली पंथवार पानं, भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या आठवणी, नवापूर-चिंचपाड्याच्या मिशनांचा इतिहास आणि चर्चच्या वह्या. या वह्या खाजगी आयुष्यांच्या आहेत. पाद्रींची परवानगी घेऊन, जिवंत माणसांची नावं न छापता, धंदा आणि मूळ गाव एवढेच रकाने मोजले, तरी खान्देशात कोण, कुठून आणि कधी आलं, याचा आराखडा उभा राहील. जळगावचं विद्यापीठ आणि राजवाड्यांच्या नावाचं मंडळ यांच्या आवाक्यातलं हे काम आहे. इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गातली दोन-चार पोरं एका वर्षात ते करतील, आणि त्यात कॅथलिक, प्रॉटेस्टंट, हिंदू, मुसलमान अशी सगळ्या घरांतली पोरं असावीत. आतला आणि बाहेरचा असे दोन्ही वाचक लिहितानाच एका टेबलावर बसले, म्हणजे निम्मे तंटे तिथेच मिटतात.

अशी जिल्ह्याजिल्ह्याची नोंद हाती आली, की मग ‘भारतातील कॅथलिक धर्म’ ही नोंद पुन्हा लिहायला घेऊ. आज ती दिल्ली आणि रोमच्या आकड्यांवरून खाली येते. तेव्हा ती भुसावळ आणि नवापूरवरून वर चढेल. राजवाडे आणि तर्कतीर्थ दोघांचंही नाव सांगणाऱ्या या भागाने पहिलं पान लिहावं, एवढीच विनंती.